नाडी तारेवरून: डॉक्टर दूर असताना उपचार कसे होतात

१९०५ च्या मार्च महिन्यात नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोवेन या शास्त्रज्ञाने एका माणसाच्या हृदयातले विद्युत संकेत टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांब पोचवले. यात हौसेचा भाग नव्हता. हृदयाचा आलेख, म्हणजे आपण ज्याला ईसीजी म्हणतो तो, काढणारं त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात होतं. ते चालवायला पाच माणसं लागत आणि ते प्रयोगशाळेतून हलवणं शक्य नव्हतं. पेशंट होते तिकडे इस्पितळात, त्यातले बरेच अंथरुणाला खिळलेले. यंत्र पेशंटकडे जाईना आणि पेशंट यंत्राकडे येईना, म्हणून मध्ये तार आली.

टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून केलेल्या उपचारांच्या, मुळाशी आजही हीच अडचण आहे. जाणकार एका जागी, आजार दुसऱ्या जागी. तारेच्या जागी फायबर आला, उपग्रह आले, खिशातला मोबाइल आला. त्यामुळे या विषयावर बोलताना लोक बहुधा नेटचा वेग, ॲप आणि कॅमेरा यांबद्दलच बोलतात. मला मात्र यातली खरी गोष्ट तारेच्या दोन टोकांना घडताना दिसते. दुरून केलेला उपचार लागू पडतो की फसतो हे बहुतेक वेळा तिथे कोण बसलं आहे आणि मिळालेल्या माहितीचं ते काय करतात यावर ठरतं.

अंतर म्हणजे दरवेळी किलोमीटरच असतात असंही नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात लोगन विमानतळ आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांच्यात जेमतेम चार-साडेचार किलोमीटर. पण गर्दीच्या वेळी डॉक्टरांना तेवढं ओलांडणंही मुश्कील व्हायचं. १९६८ मध्ये केनेथ बर्ड या डॉक्टरांनी मायक्रोवेव्हच्या (एक प्रकारच्या रेडिओलहरींच्या) दुव्यावर दोन्हीकडे कॅमेरे आणि पडदे बसवले आणि विमानतळावरचे पेशंट इस्पितळातून तपासायला सुरुवात केली. विमानतळावर नर्स, इकडे डॉक्टर. समुद्रात महिनोन्‌महिने असणारे खलाशी तर त्याच्याही आधीपासून रेडिओवरून सल्ला घेत होते. रोममध्ये १९३५ साली खास जहाजांसाठी असं एक केंद्र निघालं, सीआयआरएम नावाचं. त्याचे पहिले अध्यक्ष होते रेडिओवाले मार्कोनी.

व्हिडिओ कॉल हा त्यातला एकच प्रकार

टेलिमेडिसिन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पडद्यावरचा डॉक्टर. पण यातलं बरंच काम असं चालतं की पेशंटला डॉक्टर दिसतही नाही.

एक्स-रे घ्या. रात्री दोन वाजता काढलेला सीटी स्कॅन वाचायला तज्ज्ञ त्याच इमारतीत असायला हवा असं काही नाही. तो दुसऱ्या खंडात असू शकतो, जिथे तेव्हा दिवस आहे. हे सहज जमतं, कारण रेडिओलॉजिस्ट एरवीही माणसापेक्षा चित्रंच जास्त पाहतो. अडचण होती ती वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांची चित्रं वाचू शकत नसत, ही. ती डायकॉम नावाच्या सामायिक मानकाने सोडवली. १९९३ पासून या नावाने ओळखलं जाणारं हे मानक चित्रासोबत पेशंटची ओळख, तारीख, यंत्राची मांडणी असं सगळं एकाच फाइलीत बांधून पाठवतं. टेलिमेडिसिनच्या गौरवगाथांत याचा उल्लेख क्वचित येतो. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा त्याचं श्रेय मोठं आहे.

आत्ता टिपायचं, तज्ज्ञाने सवडीने पाहायचं, ही पद्धत त्वचेच्या आणि डोळ्यांच्या आजारांत फार उपयोगी पडते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि नजर अधू होईपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही. पडद्याचा फोटो काढायला डोळ्यांचे डॉक्टर लागत नाहीत, शिकवून तयार केलेला तंत्रज्ञ पुरतो. तो फोटो केंद्रावर जातो आणि तिथे वाचणारा सांगतो की याला बोलवा, हा पुढच्या वर्षी आला तरी चालेल. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेही लोकांची अशी तपासणी देशभर पसरत गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये काम करण्याच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या क्रमांकाचं कारण वर्षानुवर्षं मधुमेह हे होतं. २००९-१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा पाच दशकांत पहिल्यांदाच ते तसं उरलं नव्हतं. श्रेय एकट्या फोटोंना देता येणार नाही, मधुमेहावरचे उपचारही सुधारले होते. तरी संशोधकांनी या तपासणी मोहिमेचा वाटा मोठा असावा असंच म्हटलं.

तिसरा प्रकार घरच्या घरी मोजमाप घेऊन आकडे पाठवण्याचा. आणि चौथा, लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असलेला, एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला दुरून मदत करण्याचा. या दोन्हींकडे पुढे येतो.

तारेवरून काय जातं आणि काय गळतं

समोरासमोरच्या तपासणीत डॉक्टर ऐकतो, पाहतो, हात लावून बघतो, कधी वासही घेतो. दुरून यातलं किती पोचतं?

बोलणं जवळजवळ सगळं पोचतं, आणि ही मोठीच जमेची बाजू आहे. १९७५ साली ब्रिटनमध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास झाला. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या पेशंटांपैकी ६६ जणांचं शेवटी पक्कं ठरलेलं निदान डॉक्टरांनी नुसती हकिकत ऐकून आधीच बरोबर केलेलं होतं. हाताने तपासल्यामुळे निदान बदललं ते ७ जणांचं आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमुळे आणखी ७ जणांचं. आकडा लहान आहे, काळही जुना, पण अनुभवी डॉक्टरांना तो ऐकून नवल वाटत नाही. कधीपासून दुखतंय, कशाने वाढतं, रात्री जाग येते का, आधी असं झालं होतं का, हे प्रश्न साध्या फोनवरही विचारता येतात. म्हणूनच मनाच्या आजारांवरचे उपचार या वाटेने सगळ्यांत सहज गेले. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मानसोपचार संस्थेत १९५९ मध्येच दुहेरी टीव्हीवरून गटोपचार चालू होते, आणि १९६४ मध्ये १८० किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळाशी त्यांनी तसाच दुवा जोडला.

शरीराचे आवाज मात्र गळतात, आणि त्यामागचं कारण मजेदार आहे. जुन्या टेलिफोन यंत्रणेत ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. माणसाचं बोलणं समजायला एवढं पुरतं. पण हृदयाचे ठोके मुख्यतः २० ते २०० हर्ट्झमध्ये असतात. म्हणजे फोन छातीला लावून डॉक्टरांना ठोके ऐकवायचे म्हटलं तर ज्या पट्ट्यात ते असतात तोच पट्टा तारेने कापलेला असतो. आजची व्हिडिओ कॉलची ॲप्स जास्त रुंद पट्टा पाठवतात, पण ती दुसराच घोळ घालतात. माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा आणि बाकी गोंगाट पुसायचा, असं त्यांना शिकवलेलं असतं, आणि फुप्फुसातली घरघर त्यांच्या लेखी गोंगाटच. म्हणून दुरून छाती ऐकायची असेल तर इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप लागतो. तो आपला आवाज या गाळणीतून न नेता वेगळ्या वाटेने पाठवतो.

रंगाचंही तसंच. मोबाइलचा कॅमेरा समोरचं दृश्य डोळ्यांना बरं दिसावं म्हणून पांढरा रंग कोणता ते स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्यानुसार सरकवतो. पिवळ्या बल्बखाली बसलेल्या निरोगी माणूसही काविळीचा पेशंट वाटू शकतो आणि खऱ्या काविळीचा पिवळेपणा कॅमेरा धुऊन काढू शकतो. उपाय अगदी बिनखर्ची आहे. दिवसाच्या उजेडात बसायचं आणि त्वचेशेजारी कोरा पांढरा कागद धरायचा. पाहणाऱ्याला तुलना करायला काहीतरी मिळतं.

स्पर्श जात नाही. इथे डॉक्टर पेशंटचेच हात उसने घेतात. पोट कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा, आता तिथे हळू दाबा, आता एकदम सोडा, दाबताना जास्त दुखलं की सोडताना? लहान मुलाला एका पायावर उडी मारायला सांगतात. उडी मारून हसणाऱ्या मुलाचं अपेंडिक्स सुजलेलं असण्याची शक्यता कमी, आणि उडी मारायलाच तयार नसलेल्या, मारली तर पोट धरून वाकणाऱ्या मुलाला ताबडतोब प्रत्यक्ष दाखवायला हवं. याला निदान म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष तपासायला बोलवायचं की नाही, एवढं ठरवायला ते पुरतं. टेलिमेडिसिनमधला डॉक्टर दिवसभर मुख्यतः हेच ठरवत असतो.

स्पर्शाची उणीव भरून काढायची सगळ्यात देखणी युक्ती मला ऑस्ट्रेलियातली वाटते. तिथल्या अफाट, विरळ वस्तीच्या प्रदेशासाठी १९२८ मध्ये जॉन फ्लिन यांनी विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. डॉक्टरांना बोलवायचं कसं? वीज नव्हती, फोन नव्हते. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या इंजिनिअरने सायकलीसारखं पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला आणि १९२९ पासून तो दूरदूरच्या वस्त्यांवर पोचू लागला. १९४२ पासून त्याच्या जोडीला औषधांची पेटी आली. पेटीतल्या प्रत्येक औषधावर नाव तर होतंच, पण ठळक अक्षरात नंबर होता. सोबत माणसाच्या शरीराचं चित्र, तेही भागाभागाला नंबर टाकलेलं. पेशंट सांगणार की अमुक नंबरच्या जागी दुखतंय, आणि डॉक्टर सांगणार की तमुक नंबरची गोळी घ्या. खरखरणाऱ्या रेडिओवर शरीरशास्त्राची नावं आणि औषधांचे उच्चार यांची गल्लत एका फटक्यात संपली. यंत्र तसं साधंच होतं, अक्कल दोन्ही टोकांना आधीच ठेवून दिलेली होती.

पक्षाघात: जिथे मिनिटं मोजतात

दुरून उपचार करण्याला सगळ्यांत भक्कम आधार जिथे मिळाला त्यातला एक आजार म्हणजे पक्षाघात, बोलीभाषेतला लकवा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, किंवा फुटते. बहुतेक झटके तुंबण्याचे असतात. तुंबल्यावर मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि पेच असा की, हेच इंजेक्शन वाहिनी फुटलेल्या माणसाला दिलं तर जीव जाऊ शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं.

लहान इस्पितळात सीटी स्कॅन असतो, इंजेक्शन असतं, पण द्यायचं की नाही हे छातीठोकपणे सांगणारा न्यूरॉलॉजिस्ट नसतो. मोठ्या शहराकडे अँब्युलन्स पिटाळावी तर वाटेतच मुदत संपते.

मग काय करतात? स्कॅनची चित्रं तज्ज्ञाकडे जातात. त्यात रक्तस्राव दिसत नाही ना, हे तो बघतो. त्याच वेळी पलंगापाशी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून तो पेशंटला पाहतो. हा कॅमेरा तज्ज्ञाच्या हुकमाने वळतो आणि डोळ्याची बाहुली दिसेल इतका जवळ जातो. दोन्ही हात उचला, दहा सेकंद तसेच धरा. पाय उचला, पाच सेकंद. दात दाखवा. या चित्रातल्या वस्तूंची नावं सांगा. प्रत्येकाला ठरलेले गुण. पलंगापाशी नर्स किंवा स्थानिक डॉक्टर असतो. हात उचलून धरणारा, टाचणी टोचून बघणारा, अखेर इंजेक्शन देणारा तोच.

जर्मनीत बव्हेरियामध्ये २००३ साली टेम्पिस नावाचं असं जाळं उभं राहिलं. दोन मोठी केंद्रं, बारा लहान इस्पितळं. पेशंटांना फायदा झाला, पण त्यांनी नुसते कॅमेरे बसवले नव्हते हे विसरू नये. त्या लहान इस्पितळांत पक्षाघाताचे वेगळे कक्ष काढले, तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवलं, आणि ते शिकवणं चालू ठेवलं. झटका ओळखून पेशंटला पहिल्या काही मिनिटांत स्कॅनपर्यंत नेणारी माणसं तिथे नसतील, तर तज्ज्ञाच्या पडद्यावर चित्र येईपर्यंत साडेचार तास उलटलेले असतात.

आकडे पाठवले, वाचले कुणी?

आता घरून आकडे पाठवण्याकडे येऊ. हृदय थकलेलं असलं (डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात) की अंगात पाणी साठायला लागतं. पायावर सूज येते, धाप लागते, आणि माणूस पुन्हा इस्पितळात. पण धाप लागण्याच्या काही दिवस आधी वजन वाढलेलं असतं, कारण साठलेल्या पाण्याला वजन असतं. म्हणजे रोज वजन करून कळवलं तर डॉक्टर वेळेत औषध वाढवतील आणि इस्पितळाची वारी टळेल. कुणालाही पटावी अशी कल्पना.

अमेरिकेत १,६५३ पेशंटांवर ती तपासून पाहिली. निम्म्या जणांनी रोज एका यंत्रवत फोनसेवेला कॉल करायचा, रेकॉर्ड केलेले प्रश्न ऐकायचे आणि बटणं दाबून वजन आणि लक्षणं सांगायची. उरलेल्यांची नेहमीची काळजी. सहा महिन्यांनी हिशेब केला. पुन्हा इस्पितळात आलेले किंवा दगावलेले: फोनवाल्यांत ५२.३ टक्के, बाकीच्यांत ५१.५ टक्के. काडीचा फरक नाही. फोनवाल्या गटातल्या सुमारे १४ टक्के लोकांनी एकदाही कॉल केला नव्हता, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा तरी कॉल करणारे ५५ टक्केच उरले होते. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुष्कळांच्या उत्साहावर पाणी पडलं.

आठ वर्षांनी जर्मनीतून उलटा निकाल आला. १,५७१ पेशंट. त्यांपैकी निम्म्यांच्या घरून वजन, रक्तदाब, ईसीजी, रक्तातला प्राणवायू रोज बर्लिनच्या केंद्रात जायचे, आणि तिथे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले असत. आकडा बिघडला की ते फोन करत, औषध बदलत, पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलत. मृत्यूचं प्रमाण दर शंभर पेशंटांमागे वर्षाला नेहमीची काळजी घेतलेल्यांत ११.३४ होतं, आणि या गटात ७.८६. दोन अभ्यासांतले पेशंट वेगळे, यंत्रं वेगळी, देश वेगळे; शिवाय जर्मनांनी नैराश्य असलेल्यांना आधीच वगळलं होतं. त्यामुळे सगळा फरक एका कारणाच्या पदरात टाकता येत नाही. तरी एकीकडे रेकॉर्ड केलेला आवाज आणि दुसरीकडे जागी माणसं, हा फरक मला नजरेआड करता येत नाही. मनगटावरचं घड्याळ दिवसभर आकडे गोळा करतं म्हणून आपण देखरेखीखाली आहोत असं समजणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा. तो आकडा कोण बघतं आणि कधी बघतं?

आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाश बोटातून पलीकडे पाठवून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज घेतो. त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की, यंत्र ९२ ते ९६ टक्के असा ठीक आकडा दाखवत असताना रक्त तपासलं तर प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याइतका कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के होतं आणि काळ्या पेशंटांत ११.७ टक्के. इस्पितळात समोर पेशंट दिसतो, तो धापा टाकतोय हे कळतं. दुरून फक्त आकडा आला तर तोच खरा मानला जातो. म्हणून शहाणा डॉक्टर आकडा विचारल्यावर पेशंटला बोलतं ठेवतो आणि एक वाक्य एका दमात पुरं होतं का हे ऐकत राहतो.

डॉक्टरने डॉक्टरला शिकवणं

न्यू मेक्सिको हे अमेरिकेतलं विरळ वस्तीचं राज्य. तिथे हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचे हजारो पेशंट आणि तज्ज्ञ मोजके. संजीव अरोरा हे त्यांतले एक. त्यांनी २००३ मध्ये असा विचार केला की पेशंट पडद्यावर बघत बसलो तरी माझ्याकडचे तास तेवढेच राहणार. म्हणून त्यांनी पेशंटांऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना व्हिडिओवर गोळा केलं. दर आठवड्याला एक बैठक. प्रत्येकाने आपला पेशंट, नाव न सांगता, सगळ्यांपुढे मांडायचा. तज्ज्ञ सुचवणार, बाकीचे ऐकणार, आणि पुढच्या वेळी तसाच पेशंट आला की निम्मं काम ऐकणाऱ्यानेच केलेलं असणार.

२०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या तज्ज्ञ क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंटांच्या रक्तातला विषाणू गेला होता, आणि या साध्या गावातल्या डॉक्टरांच्या हातून ५८.२ टक्के. म्हणजे बरोबरी. प्रोजेक्ट एको नावाचं हे काम नंतर अनेक देशांत आणि अनेक आजारांत गेलं. व्हिडिओ कॉलने डॉक्टर एका वेळी एकाच पेशंटपाशी पोचतो, आणि टेलिमेडिसिनने डॉक्टरांची टंचाई मिटेल असं म्हणणारे हे गणित हमखास विसरतात. अरोरांच्या पद्धतीत गावातला डॉक्टरच वाढत जातो.

शस्त्रक्रिया आणि विलंबाचं गणित

७ सप्टेंबर २००१ या दिवशी न्यूयॉर्कमध्ये बसलेले सर्जन जॅक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथल्या ६८ वर्षांच्या एका बाईंचं पित्ताशय रोबोच्या हातांनी काढलं. ५४ मिनिटं लागली. कळीचा प्रश्न होता विलंबाचा. सर्जनने हात हलवल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद, म्हणजे साधारण सेकंदाचा सहावा हिस्सा जात होता. आधीच्या प्रयोगांत ३३० मिलिसेकंदांपर्यंत निभावतं असं दिसलं होतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. काही हजार किलोमीटरपर्यंत हे अंतर फारसं छळत नाही. छळतो तो चित्र दाबून बारीक करण्यात, पुन्हा उलगडण्यात आणि मधल्या थांब्यांवर जाणारा वेळ. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्गे गेलं तर वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. तिथे गप्पा जमतात, सुरी चालवता येत नाही. दुरून शस्त्रक्रिया त्यानंतरही झाल्या, पण तो नित्याचा भाग झाला नाही. कारण सरळ आहे. रोबो बिघडला किंवा रक्तस्राव आवरेना, तर पोट उघडू शकणारा सर्जन तिथे हजर असावाच लागतो, आणि तो असेल तर बऱ्याचदा ऑपरेशन तोच करू शकतो.

विलंबाची खरी परीक्षा अंतराळात आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली; २०२० मध्ये ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. सोनोग्राफी त्या अंतराळवीरानेच स्वतःच्या मानेवर केली, पृथ्वीवरचे तज्ज्ञ प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) कुठे सरकवायचा ते सांगत होते. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं तिथे मोजकीच होती, म्हणून गोळ्या घेऊन मालवाहू यान पोचेपर्यंत ती पुरवून वापरली. नॉर्थ कॅरोलायनातले रक्ततज्ज्ञ स्टेफन मोल यांचा सल्ला घेतला होता, आणि अंतराळवीराने एकदा थेट त्यांच्या घरच्या फोनवर कॉल केला. स्थानक वर चारशे किलोमीटरवर आहे, म्हणून हे जमलं. मंगळावरून निघालेला शब्द पृथ्वीवर यायला ३ ते २२ मिनिटं लागतात. उत्तर यायला तेवढीच आणखी. तिथे दुरून उपचार होतील ते पत्रव्यवहाराने.

कॉल करण्यापूर्वी

जमिनीवरच्या माणसासाठी काही गोष्टी. छातीत दाबल्यासारखं दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, श्वास पुरा न पडणं: यांपैकी काही असेल तर व्हिडिओ कॉलची वेळ शोधत बसू नये, आपत्कालीन मदत बोलवावी. लहान मुलाचा कान दुखत असेल तर पडदा लाल आहे का हे कॅमेऱ्यातून दिसत नाही. तिथे अंदाजाने प्रतिजैविक लिहून मागू नये, आणि डॉक्टरने द्यायला नकार दिला तर तो चांगला डॉक्टर समजावा.

कॉलवर बसताना चालू औषधांची पाकिटंच समोर ठेवावीत, नावं आठवत बसू नये. ताप, वजन, रक्तदाब मोजता येत असेल तर आधी मोजून लिहून ठेवावं. पुरळ किंवा जखम असेल तर हलत्या व्हिडिओपेक्षा उजेडात काढलेला स्थिर फोटो जास्त बोलका असतो, कारण नेट मंदावलं की व्हिडिओ सगळ्यात आधी बारकावे टाकून देतो. चित्र अडकत असेल तर कॅमेरा बंद करून नुसतं बोलावं. साध्या फोनला कमी लेखायची फॅशन आहे, पण वर सांगितलेल्या ८० पैकी ६६ जणांची गोष्ट आठवावी. जवळ कुणी ऐकत असेल आणि मोकळेपणी बोलता येत नसेल तर सुरुवातीलाच सांगावं. डॉक्टर मग ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो. आणि माहिती कुठे साठते हेही विचारायला हरकत नाही. फिनलंडमध्ये २०२० साली एका मानसोपचार संस्थेच्या पेशंटांच्या खाजगी नोंदी चोरून त्या पेशंटांकडेच खंडणी मागितली गेली होती.

डॉक्टर दुसऱ्या देशातला किंवा राज्यातला असेल तर त्याला तुमच्यावर उपचार करायची परवानगी आहे का, हे बहुतेक ठिकाणी तुम्ही जिथे बसला आहात तिथल्या कायद्यावरून ठरतं. सवय लागणारी काही औषधं तर कित्येक देशांत प्रत्यक्ष भेटीशिवाय लिहूनच देता येत नाहीत.

कॉल ठेवण्याआधी तीन गोष्टी डॉक्टरांकडून वदवून घ्याव्यात आणि लिहून ठेवाव्यात: किती दिवसांत फरक पडायला हवा, नाही पडला तर कुणाला फोन करायचा, आणि कुठलं लक्षण दिसलं तर फोनही न करता थेट इस्पितळ गाठायचं.